गुरुवारचा हिरवा रस्सा

आमच्याकडे गुरुवार म्हणजे पॉट रोस्ट. गोमांसाचा मोठा तुकडा, बटाटे, गाजरं, एक कांदा, वरून मश्रूम सूपचा एक डबा. सकाळी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, लावायचा आणि संध्याकाळी सहाला वाढायचं. हा नियम माझा नाही, माझ्या सासूबाईंचा, आर्लिसचा. लग्न झालं तेव्हा त्यांनी माझ्या हातात पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा ठेवला होता, आणि एकवीस वर्षं मी त्या डब्यातलंच रांधत आले. शाळेच्या स्वयंपाकघरात मी रोज साडेतीनशे मुलांचं जेवण करते, त्यामुळे घरी आल्यावर नवीन काही करायची हौस उरत नाही, हेही खरं.

आर्लिस मार्चमध्ये गेल्या. एप्रिलमध्ये सासरे, ऑर्व्हिल, शेतावरचं घर बंद करून आमच्याकडे गावात राहायला आले. वय एक्याऐंशी, गुडघे कुरकुरतात, पण पिकअप अजून स्वतः चालवतात. आणि ऑगस्टमध्ये आर्लिसच्या जुन्या स्लो कुकरचं मातीचं भांडं मधोमध तडकलं. तेव्हा मी नवा घेतला. बटणांचा, आकडे दिसणारा, वेळ संपली की आपोआप नुसतं गरम ठेवणारा. नवऱ्याने, केंटने, तो बघून एवढंच विचारलं, की यात पॉट रोस्ट होईल ना.

हे सगळं आधी सांगते, कारण त्या गुरुवारी माझं डोकं का फिरलं ते नुसत्या मांसावरून कळणार नाही.

शाळेत माझ्या शेजारच्या ओट्यावर इमेल्डा काम करते. तिचं कुटुंब मेक्सिकोहून इथल्या मांसाच्या कारखान्यात कामाला आलं, त्याला पंचवीस वर्षं झाली. एक दिवस तिने घरून डबा आणला होता. हिरव्या रश्श्यात डुकराचं मांस, इतकं मऊ की चमच्याने तुटत होतं. मी तिच्या डब्यातलं अर्धं संपवलं, आणि मग लाजेकाजेस्तव कृती विचारली. कागदी सालीतले हिरवे आंबट टोमॅटो, हिरव्या मिरच्या, कांदा आणि लसूण भाजून वाटायचं, जिरं घालायचं, आणि खांद्याकडचं मांस त्यात मंद आचेवर सोडून द्यायचं. ती म्हणाली, तिच्या घरी गॅसवर करतात आणि कुणीतरी सतत लक्ष ठेवून असतं. मी म्हटलं, माझ्या घरी दिवसभर गॅसपाशी उभं राहायला कुणी नसतं, त्यासाठीच तर ते भांडं घेतलंय.

बुधवारी संध्याकाळी मी टोमॅटो आणि मिरच्या ओव्हनमध्ये भाजल्या. घरभर ठसका उठला. केंट मक्याच्या कापणीच्या दिवसांत धान्याच्या कोठारावरून धुळीने माखून येतो, तरी त्याने खोकत खोकत खिडक्या उघडल्या, जसं काही माझ्याच धुराने त्याच्या छातीत धूळ गेली. ऑर्व्हिल आपल्या खुर्चीतून म्हणाले, "उद्या गुरुवार आहे ना?" मी म्हटलं हो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशाकडे वळले.

गुरुवारी पाचला उठले. मांसाचे तुकडे तव्यावर लालसर परतले, वाटण घातलं, मीठ बघितलं, झाकण ठेवलं आणि मंद आचेवर दहा तास लावून सव्वासहाला घराबाहेर पडले. गाडीत बसल्यावर माझी मी हसले. कित्येक वर्षांत घरच्या जेवणाची वाट बघत मी कामाला गेले नव्हते.

दुपारी दोनला सुटले. मग मुलीला, मारेनला, शाळेतून घेऊन चाळीस मिनिटांवरच्या दंतवैद्याकडे गेले. तिच्या दातांची तार घट्ट करायची होती. येताना ती गाल धरून बसली होती आणि म्हणत होती की आज मला काही चावता येणार नाही, मला फक्त बटाट्याचा लगदा दे. मी तिला सांगितलं, आजचं मांस चावावंच लागणार नाही, जिभेवर विरघळेल. ती म्हणाली, "मॉम, तू त्या मांसाबद्दल आठवडाभर बोलतेयस."

पावणेपाचला घराचं दार उघडलं आणि वास आला नाही.

दहा तास मांस शिजत असलं की दारातच वास अंगावर येतो. इथे फक्त ऑर्व्हिलच्या कॉफीचा वास होता. मी कोट न काढता स्वयंपाकघरात गेले. कुकरवर आकड्यांच्या जागी चार आडव्या रेघा लुकलुकत होत्या. भांड्याला हात लावला तर गार. झाकण उचललं तर रश्श्यावर पांढरी चरबी थिजलेली. पर्समधून शाळेतला तापमापक काढून मांसात खुपसला. खोलीत जेवढं तापमान होतं, तेवढंच आत.

ऑर्व्हिल बाहेरच्या खोलीत होते. मी विचारलं, कुकरला कुणी हात लावला होता का.

"मी प्लग काढला होता," ते शांतपणे म्हणाले. "साडेनऊला. कॉफीला जायचं होतं. आल्यावर परत लावला."

त्यांचे रोज सकाळी शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या दुकानात कॉफी आणि पत्ते चालतात, बारा-सव्वाबारापर्यंत. म्हणजे प्लग पावणेतीन तास निघालेला होता. जुन्या कुकरला एक साधी कळ होती. प्लग लावला की तो जिथे थांबला तिथून पुढे चालू व्हायचा. हा नवा, शहाणा. वीज गेली की सगळं विसरतो आणि कुणीतरी पुन्हा बटणं दाबेपर्यंत रेघा दाखवत बसतो. ऑर्व्हिलना वाटलं, मायक्रोवेव्हसारखं घड्याळ लावायचं राहिलंय, लावेल ट्वायला आल्यावर. ट्वायला म्हणजे मी.

मी हिशेब केला. साडेनऊपासून पावणेपाच. सव्वासात तास अर्धकच्चं मांस कोमट रश्श्यात.

"पण प्लग काढलात कशाला, डॅड?"

"घरात माणूस नसताना वीज चालू ठेवायची नाही."

"आर्लिसचा कुकर वर्षानुवर्षं दिवसभर चालू असायचा."

"ती घरी असायची," ते म्हणाले.

आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता त्यात. साधी माहिती दिल्यासारखं म्हणाले. पण मला ते इतकं लागलं की मी स्वयंपाकघरात परत गेले आणि सिंकचा नळ उगाच सोडून उभी राहिले. मी पाचला उठते. साडेतीनशे मुलांना जेवू घालते. त्यांच्या नातीला दंतवैद्याकडे नेते. त्यांच्या गोळ्यांचे रविवार ते शनिवार असे सात कप्पे भरते. आणि मी घरी नसते.

साडेसहाला केंट आला. त्याने भांड्यात डोकावून बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, मग दणदणीत उकळी आणू या. वीस मिनिटांत होईल. सगळे जंतू मरतील."

"जंतू मरतात, त्यांनी सोडलेलं विष मरत नाही," मी म्हटलं. "माझ्या शाळेच्या भिंतीवर लावलंय ते. वाचायला ये एकदा."

"आपण लहानपणी काय काय खाल्लंय, ट्वायला."

"केंट, मी हे टाकतेय."

"बरं बरं. मग मी पेट्रोल पंपावरून पिझ्झा आणतो. त्यात एवढं चिडायचं काय, मांसच आहे ना?"

खरं सांगते, ऑर्व्हिलपेक्षा मला त्या क्षणी केंटचा राग जास्त आला. ऑर्व्हिलनी निदान माझ्या भांड्याची दखल तरी घेतली होती. केंटच्या लेखी आज काही घडलंच नव्हतं. त्याला भूक लागली होती आणि पिझ्झा मिळणार होता. त्याने गाडीची किल्ली उचलली, मारेनला कुठला पिझ्झा हवा ते विचारलं आणि मला विचारलं नाही.

मी कचऱ्याच्या दोन पिशव्या एकात एक घातल्या आणि झारा आणायला वळले. तेवढ्यात ऑर्व्हिल स्वयंपाकघरात आले, कपाटातून एक ताटली काढली, पळीने त्या थिजलेल्या रश्श्यातले चार तुकडे तिच्यात घेतले आणि टेबलाशी बसून हातात काटा घेतला.

"टाकायचं काही कारण नाही. मी खातो."

"डॅड, ते खाऊ नका."

"मी याहून वाईट खाल्लंय."

त्यांनी काटा मांसात टोचला. मी ती ताटली त्यांच्या हाताखालून ओढून घेतली. जरा जोरातच. रस्सा टेबलावर सांडला, त्यांच्या शर्टाच्या बाहीवर उडाला. एकवीस वर्षांत मी त्यांच्या पुढ्यातलं काही काढून घेतलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "तुम्ही आजारी पडलात तर दवाखान्यात तुमच्या उशाशी कोण बसणार आहे? मीच ना? जी घरी नसते?"

काटा त्यांच्या हातातच राहिला. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला, काठी घेतली आणि आपल्या खोलीत निघून गेले. पिझ्झा आला तरी बाहेर आले नाहीत. मारेनने त्यांच्यासाठी दोन तुकडे दाराशी नेले, तसेच परत आणले. आणि बघितलं माझ्याकडे. संपूर्ण घरात मी एकटी होते जिने सकाळी पाचला उठून काही केलं होतं, आणि वाईटही मीच ठरले होते. पिझ्झाची कड चावता येत नाही म्हणून मारेन वरचं चीज खात होती. केंट म्हणाला, पिझ्झा बरा आहे आज.

शुक्रवारी शाळेत इमेल्डाला सांगितलं, तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माझा चेहरा बघून थांबली आणि म्हणाली, तुझं चुकलं ते एवढंच की तू भांड्यावर विश्वास ठेवलास, माणसावर ठेवायचा. मी म्हटलं, माणसानेच प्लग काढला. ती म्हणाली, मग त्या माणसालाच शेजारी बसव.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुन्हा मांस आणलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. हट्ट होता. दुकानातल्या मुलीने विचारलं, पाहुणे येणार आहेत का. मी म्हटलं, नाही, घरातलेच आहेत.

शनिवारी सकाळी आठला कुकर लावला. केंट कोठारावर गेला होता, कापणीत शनिवारची सुट्टी नसते. मारेन झोपली होती. ऑर्व्हिल आवरून आले आणि कॉफीला न जाता स्वयंपाकघराच्या टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले. आमचं गुरुवारपासून "गोळ्या घेतल्या का" आणि "हो" याशिवाय बोलणं नव्हतं.

मी म्हटलं, "आज मी घरी आहे. तुम्ही जा खुशाल."

"बसतो जरा," ते म्हणाले.

आणि बसले. दहाला त्यांनी झाकण उचलून आत बघितलं. मी सांगितलं, एकदा झाकण उचललं की वीस मिनिटं वाढतात, वाफ जाते. ते म्हणाले, मी फक्त बघतोय. अकराला परत उचललं. साडेअकराला मी कपडे वाळवायला तळघरात गेले होते, तेव्हा वर झाकणाचा टण् असा आवाज ऐकू आला. मी तिथूनच ओरडले. मग ओरडल्याची लाज वाटली आणि त्याचाही राग आला.

वर आले तर ते कुकरसमोर उभे होते, तळहात त्याच्या बाजूला धरून, शेकोटीशी धरतात तसा.

"फार तापत नाही हे," ते म्हणाले.

"नाही तापत. बाहेरून हात लावता येतो. पेटत नाही ते, डॅड."

ते खाली बसले. बराच वेळ वर्तमानपत्राची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "गोठ्यावर वीज पडली नव्हती."

कुठला गोठा, हे मला विचारावं लागलं नाही. केंट ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तो आठ वर्षांचा होता, एप्रिलचं वादळ, आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला डुकरांचा गोठा, वीज पडून सकाळपर्यंत राख. आर्लिसही तशीच सांगायच्या. गावात सगळे तशीच सांगतात.

ऑर्व्हिलनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी एक डुकरीण व्यायली होती. थंडी होती म्हणून त्यांनी पिल्लांवर उबेचा दिवा टांगला. संध्याकाळी दोघांना गावात कुणाच्या तरी लग्नाच्या नाचाला जायचं होतं. आर्लिस म्हणाल्या, दिवा काढून जाऊ या. ते म्हणाले, दोन तासांत तर येतोय. नाच लांबला. दोघं परत आले तेव्हा वळणावरूनच उजेड दिसला. गवतावर दिवा पडला होता. वरून वादळही येत होतं, ढग गडगडत होते. त्यांचे वडील धावत आले आणि त्यांनी विचारायच्या आत आर्लिस म्हणाल्या, वीज पडली, मी बघितली.

"माझ्या बापाने मला त्या गोठ्यावरून माफ केलं नसतं," ते म्हणाले. "तिला ते माहीत होतं. ती सगळ्यांना तेच सांगत राहिली. मलासुद्धा तिने पुन्हा कधी खरं बोलायला लावलं नाही."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी होते. वाईट वाटलं, नाही असं नाही. एवढं वर्षानुवर्षं पोटात ठेवायचं म्हणजे काय. पण त्याच वेळी मनात येत होतं, हे गुरुवारी सकाळी मला एका वाक्यात सांगता आलं असतं की. ट्वायला, मला चालू विजेची भीती वाटते. मी म्हटलं असतं बरं, आणि गॅसवर केलं असतं.

मी तेच म्हटलं. "मला सांगायचं होतंत, डॅड."

"सांगितलं ना."

"आधी."

त्यांनी खांदे उडवले. मी विचारलं, केंटला माहीत आहे का. ते म्हणाले, नाही. मग थोड्या वेळाने, "आणि कळायचंही कारण नाही." म्हणजे आर्लिसच्या हातचं आणखी एक काम माझ्याकडे आलं, तेही मला न विचारता. त्या दिवशी त्या घरात मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल, तर याचा. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

झाकण इतक्यांदा उघडलं की सहाचं जेवण सव्वासातला झालं. केंट दोनदा येऊन विचारून गेला. वाढलं तेव्हा मांस खरंच चमच्याने तुटत होतं. मीठ थोडं जास्त झालं होतं, आणि दोन मिरच्या इमेल्डाने सांगितल्यापेक्षा कमी असत्या तरी चाललं असतं. मारेनने तार असलेल्या दातांनी दोन वाडगे खाल्ले. केंटने एक घास घेतला, फ्रीज उघडला आणि केचप काढलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने केचप परत ठेवलं, मग आपला वाडगा पावासोबत संपवला, कपाळावर घाम येईपर्यंत. ऑर्व्हिलनी मिरचीचा एकेक तुकडा काट्याने वाडग्याच्या कडेला लावला, ओळीत, आणि मांस सगळं खाल्लं. चव कशी आहे ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कारण मला आवडलं होतं.

जेवण झाल्यावर केंट भांडं सिंकशी घेऊन आला. तळाशी रस्सा कडेकडेने चिकटला होता. तो म्हणाला, "छान झालं होतं. वेगळं. पुढच्या गुरुवारी मग नेहमीचं ना?"

"पुढच्या गुरुवारी तू कर," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी त्याच्या हातात घासणी दिली आणि बाहेर जाऊन बसले.

पुढच्या गुरुवारी केंट कोठारावरून सातला आला, अंगावरची धूळ न झटकता त्याने मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि सॉसेज उकडले. दोन फुटले. सोबत पाव आणि डब्यातला मका. ऑर्व्हिल म्हणाले, मोहरीचा सॉस कुठे आहे. केंटने तो शोधायला तीन कपाटं उघडली. मी सांगितलं नाही, बसून राहिले. सॉसेज पाणचट होते, पण मी दोन खाल्ले.